ब्रिटनने ॲनालॉग टीव्ही कसा बंद केला

घराच्या छपरावरच्या अँटेनाने दिसणारा ॲनालॉग टीव्ही बंद करून डिजिटल आणायचा म्हटलं, की हा सगळा खटाटोप स्वच्छ चित्रासाठी आणि जास्त चॅनल्ससाठीच आहे, असं बहुतेकांना वाटतं. ब्रिटनने हे काम २००७ ते २०१२ या काळात केलं आणि तिथली खरी अडचण वेगळीच होती. डिजिटल प्रक्षेपण तिथे नोव्हेंबर १९९८ पासूनच चालू होतं. पण ॲनालॉग चालू असेपर्यंत डिजिटलला पुरेशी शक्ती देता येत नव्हती आणि ते देशभर पोचवताही येत नव्हतं, कारण दोघांना लागणाऱ्या फ्रिक्वेन्सी त्याच होत्या. त्यामुळे ‘लोक हळूहळू नवे टीव्ही घेतील, मग जुनं सावकाश बंद करू’ हा मार्ग मोकळाच नव्हता. तारीख ठरवून ॲनालॉग बंद करणं भाग होतं.

जागा का नव्हती

ब्रिटनमध्ये टीव्हीसाठी यूएचएफ या रेडिओ लहरींमधला ४७० ते ८५४ मेगाहर्ट्झ हा भाग राखलेला होता. त्याचे ८ मेगाहर्ट्झचे एकेक तुकडे पाडून त्यांना २१ ते ६८ असे क्रमांक दिलेले होते. या तुकड्यांना आपण पट्टे म्हणू. ॲनालॉगमध्ये एका पट्ट्यात एकच चॅनल बसायचं. म्हणजे बीबीसी वन, बीबीसी टू, आयटीव्ही आणि चॅनल फोर दाखवायला प्रत्येक प्रक्षेपण केंद्राला चार पट्टे हवेत. १९९७ मध्ये चॅनल फाइव्ह आल्यावर काही ठिकाणी पाच.

अठ्ठेचाळीस पट्टे आणि गरज चार-पाचांची, मग अडचण कसली? अडचण अशी, की एका केंद्राने वापरलेला पट्टा शेजारच्या केंद्राला वापरता येत नाही. ॲनालॉगमध्ये दुसऱ्या केंद्राचा अगदी क्षीण सिग्नल मिसळला, तरी पडद्यावर आडव्या रेघा सरकायला लागतात. स्वच्छ ॲनालॉग चित्रासाठी हवा असलेला सिग्नल नको असलेल्या गोंगाटापेक्षा चाळीसेक डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलच्या ताकदीची तुलना करायचं माप) वर असावा लागतो. त्यामुळे तोच पट्टा पुन्हा वापरायचा तर खूप लांब जावं लागे. डोंगराळ भागात तर मोठ्या केंद्राचा सिग्नल दरीत उतरत नाही, म्हणून जागोजागी छोटी रिले केंद्रं उभारलेली होती. अशी हजाराहून जास्त केंद्रं झाल्यावर देशभरात प्रत्येक पट्टा कुणी ना कुणी अडवलेलाच होता.

डिजिटलला १९९८ मध्ये मिळाल्या त्या या मांडणीतल्या फटी. शेजारच्या ॲनालॉगला धक्का लागू नये म्हणून शक्ती कमी ठेवावी लागली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मनोऱ्यावरून ॲनालॉग १००० किलोवॅटने जात होतं आणि डिजिटल सुमारे २० किलोवॅटने. रिले केंद्रांसाठी तर फटीही उरल्या नव्हत्या. देशभरात फक्त ८० मोठ्या केंद्रांवरून डिजिटल निघत होतं आणि सगळी डिजिटल चॅनल्स सुमारे तीन चतुर्थांश घरांपर्यंतच पोचत होती. बाकीच्यांनी दुकानातून कितीही चांगला बॉक्स आणला असता, तरी पडदा कोराच राहिला असता.

ॲनालॉग बंद झाल्यावर क्रिस्टल पॅलेसचं डिजिटल २०० किलोवॅटवर गेलं. दहापट वाढ! तीही कशी, तर ॲनालॉगच्याच २३, २६ आणि ३० या पट्ट्यांवर मुख्य डिजिटल सेवा बसवून. डिजिटलला पूर्वीच्या ॲनालॉगच्या एक पंचमांश शक्ती पुरते, कारण त्याला सिग्नल गोंगाटापेक्षा वीसेक डेसिबलने वर असला तरी चालतो.

एका पट्ट्यात अनेक चॅनल्स कशी मावतात

६२५ रेघांचं चित्र स्टुडिओत डिजिटल केलं, की सेकंदाला २७० मेगाबिटचा प्रवाह तयार होतो. एमपीईजी-२ ही पद्धत त्यातलं पुन्हापुन्हा येणारं गाळून टाकते. निवेदकाच्या मागची भिंत हलत नसेल, तर ती दर चित्राला नव्याने पाठवायची गरज नाही, फक्त हललेला भाग पाठवायचा. असं करत एक चॅनल दोन ते पाच मेगाबिटमध्ये बसतं. फुटबॉलचा सामना जास्त जागा खातो, बातम्या कमी. म्हणून अनेक चॅनल्स एकत्र बांधून, ज्याला त्या क्षणी जास्त गरज त्याला जास्त जागा दिली जाते. अशा एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात आणि एक मल्टिप्लेक्स एका पट्ट्यातून जातो.

त्या पट्ट्यात नेमकं किती मावतं, याचं गणित करून बघण्यासारखं आहे. ब्रिटनने शेवटी निवडलेल्या पद्धतीत ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६८१७ बारीक वाहक लहरी शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांतल्या ६०४८ माहिती नेतात, बाकीच्या रिसीव्हरला सिग्नलचा मेळ बसवायला मदत करतात. प्रत्येक लहर एका खेपेला ६ बिट नेते. ६०४८ गुणिले ६ म्हणजे ३६,२८८ बिट. यातला एक तृतीयांश भाग चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेला, म्हणजे उरले २४,१९२. त्यावर चूकदुरुस्तीचा आणखी एक थर असतो, त्यात दर २०४ बाइटमागे १८८ बाइट कामाचे. उरले सुमारे २२,२९५ बिट. एक खेप ९२४ मायक्रोसेकंदांची. भागाकार केला, की सेकंदाला २४.१ मेगाबिट येतात. त्यात साधारण दर्जाची आठ-दहा चॅनल्स सुखाने राहतात.

९२४ मायक्रोसेकंद या आकड्यात खरी युक्ती आहे. त्यातले ८९६ माहितीचे, आणि २८ मुद्दाम राखून ठेवलेले. सिग्नल घरापर्यंत सरळ येतो तसाच इमारतींवर आणि टेकड्यांवर आपटून थोडा उशिराही येतो. ॲनालॉगमध्ये यामुळेच माणसाच्या शेजारी त्याची फिकी सावली दिसायची. घुमणाऱ्या सभागृहात वक्ता जसा शब्दाशब्दांत थांबून बोलतो, तसे इथे प्रत्येक खेपेत २८ मायक्रोसेकंद प्रतिध्वनी विरायला सोडले जातात. तेवढ्या वेळात लहर ८.४ किलोमीटर जाते. म्हणजे तितका वळसा घालून आलेला प्रतिध्वनी पुढच्या खेपेत मिसळत नाही.

१९९८ मध्ये मात्र १७०५ लहरींची २के पद्धत वापरली गेली होती. तिच्यात खेप चौपट छोटी, माहितीचा भाग फक्त २२४ मायक्रोसेकंदांचा. त्यामुळे फ्रिजचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना किंवा रस्त्यावरून मोपेड जाताना जी क्षणिक ठिणगी उडते, ती अख्खी खेप खाऊन टाकायची आणि चित्र फुटायचं. त्यात शक्ती कमी. पैसे घेऊन अँटेनावरून डिजिटल चॅनल्स दाखवणारी पहिली कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा ग्राहकांच्या मोठ्या तक्रारींपैकी ही एक होती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला फ्रीव्ह्यू ही मोफत सेवा सुरू झाली. तिच्या काही मल्टिप्लेक्सनी प्रत्येक लहरीवर ६ ऐवजी ४ बिट पाठवायचं ठरवलं. क्षमता २४ वरून १८ मेगाबिटवर आली, पण चित्र टिकायला लागलं. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला हा सर्वांत शहाणा तांत्रिक निर्णय. अडखळत चालणाऱ्या तीस चॅनल्सपेक्षा न थांबणारी वीस चॅनल्स लोकांना हवी होती.

आधी गाव, मग शहर, मग प्रदेश

२००५ मध्ये वेल्समधल्या फेरीसाइड आणि लॅनस्टेफन या छोट्या गावांत चाचणी झाली. घरोघरी डिजिटल बॉक्स बसवले आणि गावाच्या रिले केंद्रावरचं ॲनालॉग बंद करून बघितलं. चाचणीनंतर ॲनालॉग परत हवं का, असं विचारलं, तर रहिवाशांनी नको म्हणून सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने वेळापत्रक जाहीर केलं: २००८ ते २०१२, एकेक प्रदेश घेत. सगळा देश एकाच रात्री न बदलण्याचं कारण साधं आहे. मनोऱ्यावर चढून काम करू शकणारी कुशल माणसं मोजकी होती आणि घरोघरी अँटेना दुरुस्त करणारेही मोजके. शिवाय एका प्रदेशात चुकलेली गोष्ट पुढच्या प्रदेशात सुधारता येते.

त्याआधी पहिला मान इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या व्हाइटहेवन शहराला मिळाला, सुमारे २५,००० घरं. १७ ऑक्टोबर २००७ रोजी तिथलं बीबीसी टू ॲनालॉगवरून गेलं, आणि १४ नोव्हेंबरला उरलेली चॅनल्स. ही दोन टप्प्यांची पद्धत पुढे सगळीकडे वापरली गेली, फक्त मधलं अंतर साधारण दोन आठवड्यांचं झालं. लंडनमध्ये ४ आणि १८ एप्रिल २०१२.

दोन टप्पे कशासाठी? पहिल्या दिवशी फक्त बीबीसी टू जातं आणि बीबीसीचा डिजिटल मल्टिप्लेक्स पूर्ण शक्तीने सुरू होतो. ज्याने काहीच तयारी केलेली नाही, त्याचं एकच चॅनल बंद पडतं. बातम्या, आयटीव्ही, चॅनल फोर चालू असतात. त्याला दोन आठवडे मिळतात बॉक्स आणायला, अँटेनावाल्याला बोलवायला, शेजाऱ्याला विचारायला. हजार पत्रकं वाटून जे काम होत नाही, ते हे एक हरवलेलं चॅनल करून जायचं.

वेल्स मार्च २०१० मध्ये पूर्ण झालं. शेवटचा नंबर उत्तर आयर्लंडचा, २४ ऑक्टोबर २०१२. त्याच दिवशी सीमेपलीकडे आयर्लंड प्रजासत्ताकानेही आपलं ॲनालॉग बंद केलं. दोन्हीकडचे मनोरे एकमेकांच्या हद्दीत पोचत असल्यामुळे एकाने सोडलेला पट्टा दुसऱ्याला अडचण न होता वापरता यावा, म्हणून तारखा जुळवल्या होत्या. आदल्या रात्री सीफॅक्सही गेलं. बातम्या, हवामान आणि खेळांचे निकाल पानापानांनी दाखवणारी बीबीसीची ही सेवा १९७४ पासून ॲनालॉग चित्राच्या न दिसणाऱ्या रेघांतून प्रवास करत होती. त्या रेघाच राहिल्या नाहीत, तेव्हा तिलाही जागा उरली नाही.

घरात काय करायचं होतं

जुना टीव्ही फेकायची गरज नव्हती. टीव्हीला मागे स्कार्ट खाच असली, की डिजिटल बॉक्स एका केबलने जोडता यायचा. स्कार्ट नसलेल्या फार जुन्या टीव्हीला मॉड्युलेटर (चित्राचा पुन्हा अँटेनासारखा सिग्नल बनवणारा भाग) असलेला बॉक्स लागायचा, कारण साध्या बॉक्सची अँटेना-आउट खाच सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडते, त्यात बॉक्सचं चित्र नसतं. इथे अनेकांची फसगत झाली. व्हिडिओ रेकॉर्डरचंही तसंच. त्यातला ट्यूनर ॲनालॉग, त्यामुळे एक चॅनल बघत दुसरं टेप करणं संपलं. बॉक्सवर जे लावलेलं असेल, तेच टेप होणार.

खरेदीत आणखी एक सापळा होता. ‘एचडी रेडी’ लिहिलेला टीव्ही घेतला म्हणजे अँटेनावरून एचडी दिसेल, असं लोकांना वाटायचं. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की पडदा एचडी चित्र दाखवू शकतो. अँटेनावरची एचडी चॅनल्स डिसेंबर २००९ पासून डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीने सुरू झाली. तिच्यात एका पट्ट्यात सुमारे ४० मेगाबिट मावतात, आणि ती वाचायला वेगळा ट्यूनर लागतो.

दोन्ही टप्प्यांच्या दिवशी बॉक्स पुन्हा ट्यून करावा लागायचा. मेन्यूत दोन पर्याय असायचे: ‘नवी चॅनल्स जोडा’ आणि ‘पहिल्यापासून स्थापना’. निवडायचा तो दुसरा. पहिल्या पर्यायात जुन्या, बंद पडलेल्या फ्रिक्वेन्सी यादीत तशाच राहतात आणि एक नंबर दाबल्यावर काळा पडदा येतो. एवढं करूनही जुनी यादी पुसली जात नसेल, तर अँटेनाची केबल काढून एकदा स्कॅन करायचा. शून्य चॅनल्स सापडली, की यादी कोरी झाली. मग केबल लावून पुन्हा स्कॅन.

दोन प्रदेशांच्या सीमेवरच्या घरांना वेगळाच ताप. शक्ती वाढल्यावर दोन-दोन मनोरे पकडले जायचे आणि स्थानिक बातम्या भलत्याच शहराच्या यायच्या. नक्कल चॅनल्स यादीत ८०० च्या पुढच्या क्रमांकांवर जाऊन बसतात, तिथे आधी बघावं. हाताने ट्यून करायची सोय नसेल तर एक उपाय हमखास चालायचा. स्कॅन पट्टा २१ पासून वर जायचा. आपल्या मनोऱ्याचे पट्टे २२ ते ३० मध्ये असतील, तर अठ्ठेचाळीसपैकी पहिल्या दहांत काम संपायचं. स्कॅन पंचवीस टक्क्यांवर आला, की अँटेनाची केबल काढून घ्यायची. वरच्या पट्ट्यांतला दुसरा मनोरा सापडायचाच नाही. आपले पट्टे वरचे असतील तर उलट करायचं, सुरुवातीला केबल काढून ठेवायची आणि नंतर लावायची.

कुठे बिघडलं

सर्वांत जास्त गोंधळ जास्तीच्या सिग्नलने झाला, आणि हे लोकांना पटायचं नाही. डिजिटल क्षीण होतं त्या काळात अनेकांनी छपरावर किंवा टीव्हीमागे ॲम्प्लिफायर बसवले होते. प्रक्षेपणाची शक्ती एका रात्रीत दहापट झाल्यावर तोच ॲम्प्लिफायर बुडाला. त्याच्या झेपेपलीकडचा सिग्नल आत आला, की सगळे मल्टिप्लेक्स एकमेकांत मिसळतात आणि ट्यूनरला गोंगाट मिळतो. बॉक्सच्या मेन्यूत ताकद १०० टक्के आणि गुणवत्ता शून्याजवळ दिसते. ही खूण दिसली की ॲम्प्लिफायर काढून बघायचा. तो काढता येत नसेल तर ६ किंवा १२ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) ॲम्प्लिफायरच्या आधी लावायचा. नंतर लावला तर बिघडलेला सिग्नलच कमी होतो, दुरुस्त होत नाही.

ॲनालॉगमध्ये अँटेना खराब झाला, की आधी मुंग्या दिसायच्या, मग जास्त मुंग्या. सुधारायला वेळ असायचा. डिजिटलमध्ये चूकदुरुस्ती शेवटपर्यंत सगळं झाकून ठेवते, चित्र उत्तम दिसत राहतं आणि एका मर्यादेनंतर दोन-तीन डेसिबलच्या फरकात ते चौकोनी ठोकळ्यांत फुटून गोठतं. त्यामुळे पावसाळी रात्री पडदा गेला, तर दोष त्या रात्रीचा नसतो. केबलच्या सांध्यात पाणी मुरणं कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. तांब्याचा पातळ पत्रा आणि त्यावर जाळी अशी दुहेरी आवरणाची ७५ ओहमची केबल यासाठीच सांगितली जायची. टीव्हीमागचा स्वस्तातला अँटेना-केबलचा तुकडाही बदलायला हवा असायचा. चांगल्या अँटेनाची मेहनत शेवटच्या दीड मीटरमध्ये वाया गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

अगदी जुन्या बॉक्सपैकी काही फक्त २के वाचणारे होते. मनोरे ६८१७ लहरींच्या ८के पद्धतीवर गेल्यावर ते कायमचे निकामी झाले, ट्यूनिंगचा उपयोग नव्हता. बहुमजली इमारतींच्या सामाईक अँटेनाला प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळा फिल्टर-ॲम्प्लिफायर असायचा. पट्टे बदलले तसे ते मॉड्यूल बदलावे लागले, नाहीतर अख्ख्या इमारतीचा टीव्ही बंद.

रिले केंद्रांवरच्या लोकांची निराशा मात्र खरी होती आणि तिला उपाय नव्हता. सार्वजनिक सेवेचे तीन मल्टिप्लेक्स सगळ्या ११५४ केंद्रांवरून निघाले आणि ९८.५ टक्के घरांपर्यंत पोचले, म्हणजे जवळजवळ ॲनालॉगइतकेच. व्यापारी मल्टिप्लेक्स फक्त मोठ्या, ऐंशीएक केंद्रांवरच राहिले. दरीतल्या माणसाने टीव्ही बघण्यासाठी दरवर्षी द्यायची लायसन्स फी तेवढीच भरूनही त्याला अर्धीच चॅनल्स दिसली. हा निर्णय पैशाचा होता, आणि लोकांना तो अन्यायाचा वाटला तर त्यात नवल नाही.

ज्यांना जमणार नाही त्यांचं काय

७५ वर्षांवरील, अंध किंवा दृष्टी अधू असलेले, अपंगत्वाचे ठरावीक भत्ते घेणारे आणि वृद्धाश्रमात राहणारे यांच्यासाठी मदत योजना होती. लायसन्स फीतून ६० कोटी ३० लाख पौंड त्यासाठी बाजूला ठेवले होते. एका टीव्हीसाठी ४० पौंड घेऊन माणूस घरी यायचा, बॉक्स बसवायचा, गरज असेल तर अँटेना बदलायचा आणि रिमोट कसा वापरायचा ते शिकवून जायचा. उत्पन्नावर आधारित सरकारी मदत घेणाऱ्यांना हे फुकट होतं. त्यानंतर १२ महिने फोनवर मदत. बॉक्स फुकट वाटून हात झटकले असते, तर त्यातले कितीतरी खोक्यातच पडून राहिले असते. अवघड भाग बॉक्सचा नसतो, रिमोटचा आणि पुन्हा ट्यून करण्याचा असतो.

मोकळी झालेली जागा

टीव्हीने मोकळ्या केलेल्या वरच्या पट्ट्यांसह ७९१ ते ८६२ मेगाहर्ट्झचा भाग फोर-जीला गेला. २०१३ च्या लिलावात त्यासह विकलेल्या फ्रिक्वेन्सींचे २.३४ अब्ज पौंड आले. पण टीव्हीचा तेव्हाचा सर्वांत वरचा पट्टा ६० हा ७९० मेगाहर्ट्झला संपायचा आणि मोबाइल मनोऱ्याचं प्रक्षेपण ७९१ ला सुरू होतं. मधे एक मेगाहर्ट्झ. ज्या घराजवळ असा मनोरा उभा राहिला, तिथे छपरावरचा ॲम्प्लिफायर मोबाइलचा सिग्नलही वाढवू लागला. उपाय छोट्या फिल्टरचा, आणि तो बसवायचा ॲम्प्लिफायरच्या आधी, म्हणजे छपरावर चढूनच. टीव्हीमागे लावलेला फिल्टर अशा घरात निरुपयोगी ठरतो.

२०२० पर्यंत ४९ ते ६० यांतले जवळजवळ सगळे पट्टेही टीव्हीकडून काढून घेतले गेले आणि लोकांना परत ट्यूनिंग करावं लागलं. ब्रिटिश अँटेनाच्या टोकाला रंगीत टोपी असते. लाल म्हणजे खालचे पट्टे, पिवळी म्हणजे मधले, हिरवी म्हणजे वरचे, काळी म्हणजे सगळे. लाल आणि काळ्या टोपीवाल्यांचं काम बहुधा नुसत्या ट्यूनिंगवर भागलं. हिरव्या टोपीचा अँटेना मात्र ज्या पट्ट्यांसाठी बनला होता, तेच जवळजवळ सगळे गेले. अशा घरांपैकी जिथे सिग्नल मुळात क्षीण होता, तिथे अँटेनाच बदलावा लागला.